पहिले अँड्रॉइड ॲप: जत्रांच्या यादीपासून प्ले स्टोअरपर्यंत

पहिले ॲप करायला बसलेला माणूस आधी स्क्रीन सजवतो, मग आयकॉन रंगवतो आणि प्ले स्टोअरच्या अटी सगळ्यात शेवटी वाचतो. क्रम नेमका उलटा हवा. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या प्ले स्टोअरच्या वैयक्तिक विकसक खात्यावरून ॲप सर्वांसाठी खुले करायचे, तर आधी बंद चाचणी (निवडक लोकांनाच ॲप देऊन) घ्यावी लागते. तिच्यात किमान १२ जणांनी सलग १४ दिवस सामील राहिले पाहिजे. सुरुवातीला ही संख्या २० होती, डिसेंबर २०२४ मध्ये ती १२ वर आली. म्हणजे कोड आज पूर्ण झाला तरी लोकांच्या हातात ॲप पडायला अजून तीनेक आठवडे लागणार, आणि उत्सवांचे ॲप करताना चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी आठ दिवस जागे झालात तर ती चवथ हुकलीच म्हणा.

म्हणून इथे सुचवलेली वाट अशी: ॲप अगदी लहान ठेवा, नेटशिवाय चालेल असे करा, अर्धे तयार असतानाच चाचणीला द्या आणि ते १४ दिवस सजावटीसाठी वापरा.

उदाहरणाला गोव्यातल्या जत्रा-उत्सवांची यादी घेऊ. तीनच स्क्रीन: यादी, एका उत्सवाची माहिती आणि सेटिंग. हा विषय निवडण्याचे कारण असे की माहिती थोडी आहे, पण नवख्याला पुढे नडणाऱ्या सगळ्या गोष्टी त्यात येतात. सत्तरीत किंवा काणकोणच्या आतल्या भागात नेटवर्क कच्चे, आणि जत्रेच्या रात्री एकाच टॉवरवर हजारो फोन. तेव्हा माहिती फोनातच हवी. नावे देवनागरीत, तारखा तिथीप्रमाणे सरकणाऱ्या, आणि आदल्या दिवशी आठवण तर हवीच.

कोटलिन की फ्लटर?

नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नावर वाया जातो. ॲप फक्त अँड्रॉइडवर द्यायचे असेल तर कोटलिन ही भाषा आणि स्क्रीन बांधणारे जेटपॅक कंपोझ घ्या. गूगलने २०१९ पासून अँड्रॉइडसाठी कोटलिनला पहिली पसंती दिली आहे, आणि कंपोझची पहिली स्थिर आवृत्ती २०२१ ची. आता नवी कागदपत्रे आणि उदाहरणे याच जोडीत येतात. एक्सएमएलमध्ये स्क्रीन लिहिण्याची जुनी पद्धत नोकरीत भेटेल, पण सुरुवात तिथून करू नका.

पहिल्या दिवसापासून आयफोनही हवा असेल तर एकाच कोडातून दोन्हीकडचे ॲप देणारे फ्लटर चांगले. त्याची डार्ट भाषा सोपी आहे आणि कोड बदलला की स्क्रीन तिथल्या तिथे बदलते. कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म हाही पर्याय आता पक्का झाला आहे. त्यातल्या कंपोझचा आयओएस भाग मे २०२५ मध्ये स्थिर झाला. मात्र आयफोनसाठी काहीही वापरा, ॲप बांधायला मॅक आणि एक्सकोड लागतो आणि ॲपलला वर्षाला ९९ डॉलर द्यावे लागतात. गूगलचे २५ डॉलर एकदाच. पहिल्या ॲपासाठी आमचा कौल कोटलिनला.

लॅपटॉप, फोन आणि केबल

कोड लिहायचे आणि ॲप बांधायचे साधन, म्हणजे अँड्रॉइड स्टुडिओ, फुकट आहे, पण मेमरी खातो. १६ जीबी रॅम असेल तर निवांत काम होते. ८ जीबीवर स्टुडिओ चालतो, त्यासोबत एम्युलेटर (लॅपटॉपवरचा नकली फोन) लावला की लॅपटॉप गुदमरतो. अशा वेळी एम्युलेटर सोडा आणि खरा फोन जोडा. डिस्क एसएसडी हवी आणि तिच्यात निदान ३० जीबी मोकळी जागा ठेवा.

पहिल्या सिंकच्या वेळी (स्टुडिओ प्रकल्पाला लागणारे सगळे जुळवतो तेव्हा) ग्रेडल हे ॲप बांधणारे साधन, एसडीके हा अँड्रॉइडचा साधनसंच आणि लायब्रऱ्या मिळून काही जीबी उतरतात. पावसाळ्यात हे काम वीज आणि नेट दोन्ही टिकून असतील अशा वेळीच काढा. मध्येच वाय-फाय गेले तर ग्रेडलची फाइल अर्धवट उतरते आणि पुढच्या वेळी स्टुडिओ झिप उघडत नसल्याची विचित्र तक्रार करतो. कोडात काही चुकलेले नसते. आपल्या युझर फोल्डरमध्ये डॉट-ग्रेडल नावाचा फोल्डर आहे, त्यातल्या रॅपर आणि मग डिस्ट्समध्ये जाऊन त्या आवृत्तीचा फोल्डर काढून टाका आणि पुन्हा सिंक करा. स्टुडिओ पूर्ण काढून नव्याने बसवण्याची गरज नाही. बरेच जण तेच करतात आणि अर्धा दिवस घालवतात.

फोन जोडायला सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’खाली बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा. डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे यूएसबी डीबगिंग चालू करा. शाओमीच्या फोनांवर ‘इन्स्टॉल व्हाया यूएसबी’ हे वेगळे बटणही चालू करावे लागते. इतके करूनही फोन दिसत नसेल तर आधी केबल बदला. पुष्कळ स्वस्त केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. अँड्रॉइड ११ पासून वाय-फायवरूनही जोडता येते, पण दोन्ही यंत्रे एकाच जाळ्यावर हवीत. कॉलेजच्या किंवा हॉस्टेलच्या वाय-फायवर यंत्रांना एकमेकांशी बोलू देत नाहीत, म्हणून जोडणी होत नाही. दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट लावा आणि लॅपटॉप व चाचणीचा फोन दोन्ही त्यावर घ्या.

प्रकल्प उघडताना दिलेली नावे

‘एम्प्टी ॲक्टिव्हिटी’ निवडा. हा कंपोझचाच साचा आहे. पुढची खिडकी मात्र घाईत पुढे ढकलू नका. पॅकेजचे नाव एकदा प्रकाशित झाले की कधीच बदलत नाही. कॉम-डॉट-एक्झाम्पल असेच राहू दिले तर प्ले स्टोअर ते घेतच नाही. स्वतःचे डोमेन असेल तर ते उलटे लिहायचे. डोमेन डॉट-इन असेल तर एक अडचण आहे: कोटलिनमध्ये इन हा राखीव शब्द आहे, म्हणून पॅकेजच्या नावात तो तिरक्या अवतरणचिन्हांत (बॅकटिकमध्ये) लिहावा लागतो. स्टुडिओ हे आपोआप करतो, पण हाताने इम्पोर्ट लिहिताना चूक होते आणि कारण लवकर सापडत नाही.

मिन एसडीके (ॲप ज्यावर चालेल ती सगळ्यात जुनी अँड्रॉइड पातळी) २४ ठेवा, म्हणजे अँड्रॉइड ७ पर्यंतचे फोन येतात. तारखांचे नवे जावा वर्ग २६ पासून मिळतात. २४ वर ते हवे असतील तर ग्रेडलमध्ये डीशुगरिंग (नवे वर्ग जुन्या फोनांवर चालवणारी सोय) चालू करा. टार्गेट एसडीकेच्या (ॲप ज्या अँड्रॉइड पातळीसाठी बनवले तिच्या) बाबतीत निवडीला वाव नाही. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवीन ॲप आणि अपडेट दोन्हींना किमान ३५, म्हणजे अँड्रॉइड १५, लागतो. ही पायरी साधारण दर ऑगस्टअखेर वर चढते, म्हणून नव्या प्रकल्पात सरळ ३६ लावा.

३५ लावले की ॲप स्क्रीनच्या काठापासून काठापर्यंत पसरते. यादीतली पहिली जत्रा घड्याळाखाली लपलेली आणि शेवटची खालच्या पट्टीत बुडालेली दिसली तर समजा, स्कॅफोल्डने (कंपोझमधल्या पानाच्या सांगाड्याने) दिलेले इनर पॅडिंग, म्हणजे कडेची मोकळी जागा, तुम्ही आतल्या यादीला लावलेले नाही. जुन्या लेखांत यावर एक पळवाट सांगितलेली असते. ती ३६ ला बंद झाली आहे, तिच्या नादी लागू नका.

स्टुडिओत आता गूगलचा एआय मदतनीस जेमिनी बसवलेला आहे. स्क्रीनचा पहिला आराखडा, टेस्ट, चुकीच्या संदेशाचा अर्थ यासाठी तो खरेच उपयोगी पडतो. पण असे कुठलेही साधन बऱ्याचदा दोन वर्षांपूर्वीची लायब्ररी सुचवते. कोडात एखाद्या नावावर आडवी रेघ दिसली तर ते कालबाह्य आहे. तिथेच थांबून अधिकृत कागदपत्र उघडा. जो कोड तुम्हाला दुसऱ्याला समजावून सांगता येणार नाही, तो पहिल्या ॲपमध्ये ठेवू नका.

माहिती आणि तिथी

नवखे लोक तारीख उत्सवाच्याच ओळीत लिहितात आणि पुढच्या वर्षासाठी ३६५ दिवस मिळवतात. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ येतो. शिरगावच्या लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, वास्कोचा सप्ताह श्रावणात; इंग्रजी तारखेशी यांचे कायमचे नाते नाही. तिथीवरून तारीख काढणारा कोड लिहायला जाऊ नका. तिथी कुठल्या क्षणी लागते आणि उत्सव कुठल्या दिवशी धरायचा, हे देवस्थान ठरवते. तारीख त्यांच्या पत्रिकेतून घ्या.

रूममध्ये (फोनातला डेटाबेस हाताळणाऱ्या अँड्रॉइडच्या लायब्ररीत) दोन तक्ते करा. पहिल्यात उत्सवाचे नाव, गाव, तालुका, तिथी आणि शोधासाठी पर्यायी नावे. दुसऱ्यात उत्सवाचा क्रमांक, वर्ष आणि तारीख. दरवर्षी फक्त दुसऱ्या तक्त्यात ओळी वाढतात. पहिली माहिती जेसॉन (साध्या मजकुरात माहिती लिहायची पद्धत) फाइल करून ॲपच्या ॲसेट्स फोल्डरमध्येच घाला, म्हणजे ॲप पहिल्यांदा उघडल्यावर नेट नसले तरी यादी दिसते. नवी वर्षे आणायला तीच फाइल गिटहब पेजेससारख्या मोफत जागी ठेवा, तिच्यात आवृत्तीचा आकडा लिहा आणि मागच्या मागे कामे करणाऱ्या वर्कमॅनेजर लायब्ररीकडून दिवसातून एकदा, नेट असेल तेव्हाच, बघायला लावा. उतरलेली फाइल पूर्ण वाचता आली तरच जुनी माहिती बदला, आणि तो बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळा होईल किंवा मुळीच नाही असा) करा. नाहीतर अर्धवट उतरलेल्या फाइलीने चांगली यादी पुसली जाते.

रूमच्या दोन गोष्टी नवख्यांना हमखास रडवतात. मुख्य थ्रेडवर (स्क्रीन चालवणाऱ्या धाग्यावर) डेटाबेस वाचायला गेलात तर ॲप लगेच कोसळते. फंक्शन सस्पेंड (स्क्रीन न अडवता थांबू शकणारे) करा किंवा फ्लो (माहितीचा प्रवाह) परत द्या. आणि तक्त्यात रकाना वाढवून डेटाबेसची आवृत्ती वाढवायला विसरलात तर नव्याने बसवलेल्या फोनवर सगळे ठीक चालते, पण अपडेट घेणाऱ्या प्रत्येकाचे ॲप उघडताच बंद पडते. म्हणून अपडेट तपासताना जुने ॲप काढू नका, त्याच्यावरच नवे बसवा.

मराठी अक्षरे, मराठी आकडे

इंग्रजी शिकवण्यांत या विभागाला जागाच नसते, आणि आपल्याकडची निम्मी दुखणी इथली.

भाषेच्या फोल्डरपासून सुरू करू. मराठी मजकूर व्हॅल्यूज-एमआर फोल्डरमध्ये आणि इंग्रजी मूळ व्हॅल्यूजमध्ये, ही पुस्तकी पद्धत. पण आपल्याकडे मराठी वाचणाऱ्या कितीतरी लोकांचा फोन इंग्रजीत असतो, त्यांना मराठी कधी दिसणारच नाही. ॲप मुळात मराठी असेल तर मराठी मजकूर मूळ व्हॅल्यूजमध्येच ठेवा. कोंकणी पुढे घालायची असेल तर तिचा संकेत केओके हा तीन अक्षरी आहे, म्हणून फोल्डरच्या नावात ‘बी अधिक केओके’ असे लिहा.

ॲपच्या आतून भाषा बदलायची सोय दिलीत तर आणखी एक सापळा आहे. स्टुडिओतून बसवलेल्या ॲपात भाषा नीट बदलते, प्ले स्टोअरवरून घेतलेल्यात बदलत नाही. कारण प्ले स्टोअर बंडलमधून (तुम्ही स्टोअरवर चढवलेल्या फाइलीतून) फक्त फोनच्या भाषेचाच भाग पाठवतो, बाकीच्या भाषा फोनात पोचतच नाहीत. ग्रेडलमध्ये बंडलच्या विभागात भाषेची विभागणी बंद करा. मजकुराचे वजन ते किती, ॲपचा आकार काही वाढत नाही.

आता आकडे. फोनची भाषा मराठी असेल तर तारीख मजकुरात बदलणारे जुने वर्ग देवनागरी आकडे देतात. वाचायला ते छानच. पण तीच तारीख तुम्ही डेटाबेसमध्ये किंवा वेबच्या पत्त्यात घातलीत, तर तिथे २०२६ हे देवनागरीत जाते आणि तुलना फसते. यादी रिकामी दिसते, कुठे लाल अक्षरात चूकही येत नाही, आणि तुमचा स्वतःचा फोन इंग्रजीत असेल तर तुम्हाला हे कधी कळतही नाही. नियम एकच: साठवायची तारीख आयएसओ रूपात (वर्ष-महिना-दिवस), लोकेल (भाषेची ठेवण) रूट, म्हणजे कुठल्याच भाषेची नाही अशी देऊन, दाखवायची तारीख वाचकाच्या भाषेत. आणि एक चाचणी फोन कायम मराठीत ठेवा.

अक्षरे कापली जाणे हे तिसरे. कार्डाला ४८ डीपी (स्क्रीनवरचे अँड्रॉइडचे माप) अशी ठरलेली उंची दिली की ‘मूर्तींची’ मधला रफार आणि अनुस्वार वरून, ‘राष्ट्रकूट’चा ऊकार खालून कापला जातो. उंची ठरवू नका, फक्त किमान उंची द्या, आणि ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या दीडपट ठेवा. मग फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरे सगळ्यात मोठी करून बघा. देवळात जाणाऱ्या वयस्क माणसाचा फोन तसाच असतो.

मजकूर तोडताना अक्षरे मोजू नका. ‘क्षेत्र’ वाचणाऱ्याला दोन अक्षरे, संगणकाला सात. दहा मोजून कापलेत तर पाय मोडलेले अर्धे जोडाक्षर उरते. कमाल ओळी सांगा आणि पुढचे टिंबांनी कापायचे काम कंपोझवर सोडा. गोल चौकटीत नावाचे पहिले अक्षर दाखवायचे असेल तर ‘श्री’च्या जागी ‘श’ येतो; अक्षरसमूह ओळखणारे फंक्शनसुद्धा जुन्या फोनांवर जोडाक्षर तोडू शकते. ते अक्षर माहितीत वेगळ्या रकान्यातच लिहून ठेवा.

शोधाच्या चौकटीत दोन वेगळ्या पद्धतींनी लिहिलेले शब्द जुळत नाहीत. ॲ हे अक्षर एकसंधही असते आणि अ वर चंद्र चढवूनही लिहिता येते. डोळ्यांना एकच, संगणकाला दोन. युनिकोडचे नेहमीचे नॉर्मलायझेशन हे दोन एकत्र आणत नाही. शोधायच्या आधी दोन्ही बाजूंना एकाच रूपात बदलून घ्या. त्याहून मोठा प्रश्न नावांचाच: लईराई, लइराई, मंगेशी, मंगेश, शिवाय इंग्रजी अक्षरांत टाइप करणारे. पर्यायी नावांचा रकाना त्यासाठीच आहे. तो भरताना गावातल्या माणसांना विचारा, त्यांच्या तोंडी जे नाव असेल तेच घाला. यादी अकारविल्हे लावायला डेटाबेसचा क्रम वापरू नका, मराठी लोकेलचा कोलेटर (भाषेप्रमाणे क्रम लावणारा वर्ग) वापरा. नाहीतर ॲ ने सुरू होणारी नावे थेट तळाला जातात.

आदल्या दिवशीची आठवण

इथे घड्याळाच्या काट्यावर वाजणारा अलार्म लागत नाही, आणि त्याची परवानगी अँड्रॉइड १४ पासून नव्या ॲपांना आपोआप मिळतही नाही. वर्कमॅनेजरला आदल्या सकाळपर्यंतचा उशीर सांगा. फोन बंद करून चालू केला तरी हे काम टिकते. प्रत्येक उत्सवाच्या कामाला वेगळे नाव द्या आणि ‘रिप्लेस’ धोरण लावा, म्हणजे तारीख बदलली की जुनी आठवण आपोआप निघते. वेळ थोडी मागेपुढे होईल, ते चालते.

अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी मागावी लागते. ॲप उघडताच मागितलीत तर लोक नाही म्हणतात, आणि दोनदा नाही म्हटल्यावर सिस्टीम पुन्हा विचारूच देत नाही. उत्सवाच्या पानावर घंटेचे चित्र ठेवा, त्यावर बोट ठेवले की मागा. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला मागची कामे मारतात. त्यावर कोडात पक्का इलाज नाही. सेटिंगच्या स्क्रीनवर दोन ओळींत ऑटोस्टार्ट चालू करायला सांगा.

प्ले कन्सोल: हा भाग आधी सुरू करा

प्ले कन्सोल म्हणजे विकसक जिथून ॲप चढवतो ते पान. तिथले खाते प्रकल्पाच्या पहिल्याच आठवड्यात उघडा. २५ डॉलर भरताना कार्ड नाकारले जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे त्यावर परदेशी व्यवहार बंद असतात. बँकेच्या ॲपातून ते चालू करा. ओळखपत्रावरचे नाव आणि खात्यावरचे नाव अक्षरशः सारखे हवे. संपर्काचा ईमेल लोकांना दिसतो, म्हणून वेगळा करा. पुढे ॲपातून पैसे घेणार असाल तर तुमचा पूर्ण पत्ताही दिसतो, हे आधीच लक्षात घ्या. संस्थेच्या नावाने खाते हवे असेल तर डन्स क्रमांक (संस्थांना मिळणारा ओळख क्रमांक) लागतो.

मग सहीची किल्ली, म्हणजे ॲप तुमचेच आहे हे सिद्ध करणारी. स्टुडिओत ‘जनरेट साइन्ड बंडल’ मधून कीस्टोअर (किल्लीची फाइल) करा, मुदत २५ वर्षे ठेवा. फाइल आणि पासवर्ड दोन वेगळ्या ठिकाणी जपा, गिटहबवर कधीच नाही. ही अपलोडची किल्ली. ॲपची खरी किल्ली प्ले स्टोअरकडे राहते, त्यामुळे तुमची हरवली तर नवी मागता येते. याच कारणाने आणखी एक घोटाळा होतो. नकाशा किंवा गूगल साइन-इन तुमच्या फोनवर चालते आणि स्टोअरवरून घेतल्यावर बंद पडते. कन्सोलमध्ये ॲप साइनिंगच्या पानावर असलेला प्ले स्टोअरचा एसएचए-१ ठसा (किल्लीची ओळख) गूगलच्या फायरबेसमध्ये किंवा क्लाउडच्या पानावर भरायचा राहिलेला असतो.

बंडल चढवण्यापूर्वी रिलीज (लोकांना द्यायची) बांधणी फोनवर चालवून बघा. आर-८ कोड आकुंचित करतो आणि नावे बदलतो, म्हणून जीसॉन ही लायब्ररी वापरून जेसॉनमधून वाचलेली माहिती रिलीजमध्ये रिकामी येऊ शकते, डीबगमध्ये (स्वतः तपासायच्या बांधणीत) मात्र व्यवस्थित. कोटलिनचे स्वतःचे सिरियलायझेशन घेतलेत तर हा त्रास टळतो.

नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढचे टार्गेट असलेल्या ॲपांना १६ केबी मेमरी पानांचा आधारही लागतो. शुद्ध कोटलिनच्या ॲपला काही करायचे नसते, पण पीडीएफ, नकाशा किंवा चित्रांच्या लायब्ररीत सी-भाषेतला भाग दडलेला असू शकतो. स्टुडिओतल्या एपीके ॲनलायझरमध्ये बंडल उघडा. तो असे भाग दाखवतो. इलाज बहुधा लायब्ररीची नवी आवृत्ती घेणे इतकाच.

आता ते १२ जण. यात तीन ठिकाणी गाडी अडते. पहिले, माणसे ‘इंटर्नल टेस्टिंग’मध्ये घातली जातात, ते दिवस धरले जात नाहीत, ‘क्लोज्ड टेस्टिंग’ हवे. दुसरे, फोनात दोन जीमेल असतात. तुम्ही यादीत एक घातलेला असतो आणि प्ले स्टोअर दुसऱ्यावर चालू असतो, मग दुवा उघडल्यावर ॲप सापडतच नाही. प्रत्येकाला प्ले स्टोअरच्या कोपऱ्यातले चित्र दाबून तिथला पत्ता पाठवायला सांगा. तिसरे, कुणी मध्येच बाहेर पडला आणि आकडा १२ खाली गेला तर सलगपणा मोडतो. म्हणून १८-२० जण घ्या. पैसे देऊन चाचणीकार पुरवणाऱ्यांकडे जाऊ नका. चाचणीनंतर ॲप सर्वांसाठी खुले करायचा अर्ज असतो, त्यात ‘लोकांनी काय सांगितले, तुम्ही काय बदलले’ असे प्रश्न असतात आणि तिथे सांगायला काही उरत नाही.

फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा झुआरीनगरच्या बिट्समध्ये शिकत असाल तर वर्गातच आकडा भरेल, पण ती चाचणी अपुरी. सगळ्यांचे फोन नवे, भाषा इंग्रजी, नजर तीक्ष्ण. निम्मी माणसे गावातल्या भजनी मंडळातली, नाट्यमंडळातली, देवस्थान समितीतली घ्या. कापलेले अक्षर, चुकलेली तिथी, गावाचे नाव चुकीच्या तालुक्यात, हे त्यांनाच दिसते. व्हॉट्सॲपवर गट करा आणि दर दोन-तीन दिवसांनी एकच नेमके काम सांगा: आज विमान मोड लावून शोध करा, आज आठवण लावा.

प्ले स्टोअरवरचे ॲपचे पान भरायला नाव ३० अक्षरे, छोटे वर्णन ८०, मोठे ४०००. काना-मात्रा आणि हलन्तही मोजले जातात. ‘गोव्यातील जत्रा व उत्सव’ यातच २३ जागा जातात. आयकॉन ५१२ बाय ५१२, वरचे चित्र १०२४ बाय ५००, निदान दोन स्क्रीनशॉट. देवळांची छायाचित्रे नेटवरून उचलू नका, स्वतः काढा किंवा समितीकडून लेखी परवानगी घ्या.

ॲप काहीच माहिती गोळा करत नसले तरी गोपनीयता धोरणाचे पान आणि डेटा सेफ्टीचा अर्ज लागतोच. क्रॅशलिटिक्स (ॲप कोसळल्याची नोंद ठेवणारी लायब्ररी) किंवा जाहिराती घातल्या की ‘काहीही गोळा करत नाही’ हे उत्तर खोटे ठरते, कारण त्या लायब्रऱ्या गोळा करतात. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा आपला २०२३ चा कायदा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. पहिल्या ॲपात लॉगिन, फोन नंबर आणि ठिकाण मागूच नका. निम्मी कागदपत्रे तिथेच टळतात.

‘स्टोअर कशाला, एपीके (ॲपची फाइल) व्हॉट्सॲपवर पाठवू’ असे पुष्कळांना वाटते. मंडळाच्या दहा माणसांपुरते आज ते चालेल. पण ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केल्याप्रमाणे, प्रमाणित अँड्रॉइड फोनांवर स्टोअरबाहेरून बसणाऱ्या ॲपांनाही विकसकाची ओळख पडताळलेली लागणार आहे. सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड, आणि २०२७ पासून इतर देश असा क्रम आहे. विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी वेगळ्या मर्यादित खात्याची सोयही त्यात सांगितली आहे.

खुले झाल्यावर

अर्ज केल्यावर उत्तर बहुधा आठवड्याभरात येते. पुढचे प्रत्येक अपडेट आधी थोड्या टक्के लोकांना द्या, दोन दिवस थांबून मग सर्वांना. लोकांच्या फोनात पोचलेले अपडेट मागे घेता येत नाही. जुना कोडच नव्या, वाढलेल्या व्हर्जन कोडने पुन्हा चढवावा लागतो. कन्सोलमधले अँड्रॉइड व्हायटल्स (ॲपची तब्येत दाखवणारे पान) दर आठवड्याला उघडा. रोजच्या वापरकर्त्यांपैकी १.०९ टक्क्यांहून अधिक लोकांना ॲप कोसळलेले दिसले किंवा ०.४७ टक्क्यांहून अधिक लोकांना ते गोठलेले दिसले, तर प्ले स्टोअर तुमचे ॲप शोधात मागे टाकू शकतो. प्रत्येक रिलीजसोबतची मॅपिंग फाइल (आर-८ ने बदललेल्या नावांची यादी) जपून ठेवा. बंडलसोबत ती आपोआप चढते, पण कोसळल्याचा अहवाल दुसरीकडे वाचायचा असेल तर तिच्याशिवाय त्यातली नावे उलगडत नाहीत.